आमच्या दारात बसलेल्या मुलासाठी पोलीस बोलावणाऱ्या वसाहतीस खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी, रहिवासी संघटना,
आणि वसाहतीतील सर्व मराठी कुटुंबे,
मध्य न्यू जर्सी.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या बैठकीनंतर आपण सर्व घरांना पाठवलेले परिपत्रक मी तीन वेळा वाचले, आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर यावर गप्प बसणे मला जमणार नाही हे माझ्या ध्यानात आले. वसाहतीत अनोळखी व्यक्ती रेंगाळताना दिसल्यास वाट न पाहता ९११ ला फोन करावा, अशी त्यात सूचना आहे. बाहेरची गाडी रस्त्यावर उभी दिसल्यास तिच्या नंबरप्लेटचा फोटो काढून कार्यालयाकडे पाठवावा, अशी दुसरी सूचना आहे. आणि शेवटी, ‘अलीकडेच एका सतर्क रहिवाशाने दाखवलेल्या तत्परतेबद्दल’ आपण जाहीर आभार मानले आहेत. ही तत्परता ज्याच्या वाट्याला आली तो पंधरा वर्षांचा मुलगा माझ्या घरी आला होता, माझ्याच दारासमोर बसला होता, आणि म्हणून हे पत्र मला लिहावे लागत आहे.

पत्राची इंग्रजी प्रत मी कार्यालयात दिली आहे. तरीही ते मराठीत लिहिण्याचे कारण असे, की त्या संध्याकाळी जे संदेश फिरले ते आपल्या मराठी व्हॉट्सॲप गटावर, मराठीतच फिरले. कार्यकारिणीतील पाचांपैकी तीन सभासद मराठी आहेत. आपण आपापसांत जे मराठीत बोलतो त्याचा जाब मराठीतच मागायला हवा, असे मला वाटते.

ज्यांनी तो प्रसंग केवळ संदेशांतून वाचला, त्यांच्यासाठी तो आधी सांगते. माझा मुलगा हायस्कूलच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. त्याच्याच ओळीत बसणारा त्याचा मित्र दर शनिवारी सरावासाठी आमच्याकडे चालत येतो. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तो पंधरा मिनिटे लवकर आला. मी शेंगांच्या चटणीसाठी दाणे भाजत होते, चिमणी जोरात सुरू होती, आणि मुलगा आंघोळीला गेला होता. त्याने दोनदा घंटा वाजवली. दार उघडले नाही, तेव्हा आमची गाडी घरी आहे की नाही हे पाहण्यासाठी तो गॅरेजच्या खिडकीतून आत डोकावला, गाडी दिसल्यावर परत फिरला, आणि ट्रॉम्बोनची काळी पेटी शेजारी ठेवून फुटपाथच्या कडेला बसून राहिला. कोणाच्याही घरी लवकर पोहोचलेला कोणीही जे करील तेच त्याने केले.

पाच वाजून बारा मिनिटांनी गटावर संदेश आला, की एक काळा मुलगा मोठी पेटी घेऊन गॅरेजमध्ये डोकावतो आहे, सगळ्यांनी गॅरेज बंद करून घ्या. पुढच्या चार मिनिटांत त्याखाली एकोणीस संदेश पडले. त्यात मुलाचे वय कोणी विचारले नाही. तो कोणाच्या घरासमोर बसला आहे हे दोघांनी लिहिले होते, पण त्या घरी फोन करून विचारावे असे त्या दोघांनाही सुचले नाही. माझा नंबर त्या गटातल्या प्रत्येकाकडे आहे. पाच वीसला पोलिसांच्या दोन गाड्या आल्या.

पुढचे सारे आमच्या दारावरच्या कॅमेऱ्यात आहे आणि मी ते पुष्कळदा पाहिले आहे. गाड्या वळताना दिसल्याबरोबर, त्या थांबायच्याही आधी, त्या मुलाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, तळवे वर आणि बोटे पसरलेली. हात दाखव असे त्याला अजून कोणी म्हटलेले नव्हते. पेटी उघडायला सांगितल्यावर, ‘आता मी डाव्या हाताने पहिली कडी काढतो’, असे तो मोठ्याने म्हणाला आणि मगच त्याने कडी काढली. दुसऱ्या कडीच्या वेळीही तसेच म्हणाला. आत हिरव्या कापडात गुंडाळलेली ट्रॉम्बोनची सरकती नळी होती. ते कापड बाजूला करतानाही त्याने परवानगी मागितली. तोवर माझा मुलगा ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर धावला आणि त्याच्यामागे मी. अधिकारी सभ्यपणे बोलले, त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि अकराव्या मिनिटाला ते निघून गेले. हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही.

मुलगा आत आला, त्याने पाणीही घेतले नाही, आणि खाली बघत मला म्हणाला, ‘सॉरी, आंटी.’ त्या मुलाने माझी माफी मागितली. त्या संध्याकाळपासून आजपर्यंत त्याची माफी मात्र या वसाहतीतल्या कोणीही मागितलेली नाही.

त्याची आई रुग्णालयात रात्रपाळी करते. ती त्याला न्यायला आली तेव्हा घरात आली नाही, ड्राइव्हवेवरच उभी राहिली. कॅमेऱ्याचे चित्रण मला पाठवून ठेवा, एवढेच ती आधी म्हणाली. हात कसे ठेवायचे हे तिने त्याला नवव्या वर्षी शिकवले होते. दुकानातून निघताना पावती हातात ठेवायची, हुड डोक्यावर ओढायचे नाही, पोलीस दिसले तर पळायचे नाही, खिशात हात घालायचा नाही, हेही शिकवले होते. या देशात काळ्या कुटुंबांमध्ये मूल जाणत्या वयाचे होऊ लागले की आईबाप त्याला समोर बसवून हे धडे देतात, आणि त्या बसण्याला नुसते ‘द टॉक’ म्हणतात. आपण त्याच वयात आपल्या मुलांना पाढे आणि शुभंकरोति शिकवत होतो. त्या प्रसंगापासून तो मुलगा शनिवारी चालत येत नाही. आई त्याला गाडीतून सोडते, आणि दार उघडून मी त्याला आत घेईपर्यंत इंजिन बंद करत नाही.

मी स्वतः निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. या गटावर याआधीही असे संदेश आले होते. दुपारी गाडीत बसून डबा खाणारा पार्सलवाला, कोपऱ्यावरच्या आजोबांची शुश्रूषा करायला येणारी आणि बसची वाट पाहत उभी असलेली बाई, पहाटे धावणारा एक उंच माणूस, या सगळ्यांबद्दल ‘कोणाला माहीत आहे का, हा कोण?’ असे विचारले गेले होते. तिघेही काळे होते. ज्या शब्दाने एकदोघांनी त्यांचा उल्लेख केला तो शब्द मी इथे लिहिणार नाही, तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी ते संदेश वाचले आणि काही न लिहिता फोन बाजूला ठेवला. मी तेव्हाच बोलले असते तर कदाचित तो शनिवार आला नसता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार परिपत्रकातल्या ‘अनोळखी’ या शब्दाबद्दल आहे. एकशे चाळीस घरांच्या वसाहतीत कोणालाही सगळे ओळखीचे नाहीत. मे-जून उजाडला की भारतातून कोणाचे ना कोणाचे आईवडील येतात. ते सकाळ-संध्याकाळ सगळ्या गल्ल्यांतून फिरतात, दमले की कोणाच्याही कुंपणाशी टेकतात, दुसऱ्यांच्या अंगणातल्या भाजीच्या वाफ्यांत वाकून मेथी ओळखतात. माझे वडील दोन उन्हाळे इथे राहून गेले. कानटोपी आणि काठी घेऊन ते रोज दीड तास चालत, आणि उघड्या गॅरेजसमोर थांबून आतली अवजारे कौतुकाने न्याहाळत. ते इथे पूर्णपणे अनोळखी होते, आणि त्यांच्याबद्दल एकदाही फोन गेला नाही, याचा मला आनंदच आहे. पण मग फोन अनोळखीपणाबद्दल जात नाही, हे उघड आहे. तो कातडीच्या रंगाबद्दल जातो. परिपत्रकात रंगाचा उल्लेख नसला तरी ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभा राहतो हे आपण सगळे जाणतो, आणि यालाच या देशात रेशिअल प्रोफायलिंग म्हणतात.

आपले वडीलधारे त्या डोळ्यांतून कायम सुटतील, असा भरवसा कोणी धरू नये. ६ फेब्रुवारी २०१५ रोजी अलाबामा राज्यातील मॅडिसन येथे सुरेशभाई पटेल नावाचे ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी मुलाच्या घराजवळ चालायला निघाले होते. नातवाला सांभाळायला ते थोड्याच दिवसांपूर्वी गुजरातहून आले होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन करून सांगितले, की एक सडपातळ काळा माणूस फिरतो आहे, याआधी त्याला इथे पाहिलेले नाही. पोलीस आले. पटेलांना इंग्रजी येत नव्हते. आपण भारतीय आहोत, चालायला निघालो आहोत, एवढे ते तोडक्या शब्दांत सांगत राहिले आणि मुलाच्या घराकडे बोट दाखवत राहिले. एका अधिकाऱ्याने त्यांना तोंडावर जमिनीवर आपटले. मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, पण शरीर पूर्वीसारखे चालले नाही. त्या अधिकाऱ्यावरचा फेडरल खटला दोनदा ज्यूरीचे एकमत न झाल्याने बारगळला आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष ठरवले. मॅडिसन शहराने २०२१ मध्ये साडेसतरा लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला.

त्या बातमीने आपण सगळे हादरलो होतो. आपल्या घरातील माणसाला कोणी असे कसे वागवू शकते, असे आपण म्हणत होतो. पण फोनवर वर्णन कोणाचे केले गेले होते याचा विचार त्या वेळी आपल्यापैकी फार थोड्यांनी केला. शेजाऱ्याला भीती ‘काळ्या माणसाची’ वाटली होती, आणि त्या भीतीचा घाव पटेलांच्या मणक्यावर पडला. भारतीय माणूस चुकून सापडला हे जसे वाईट, तसेच खरोखरीचा काळा माणूस सापडला असता तर तेही तितकेच वाईट होते. हे दुसरे वाक्य आपण मनापासून म्हणू शकत नसू, तर पटेलांसाठी आपल्याला वाटलेले दुःख अर्धेच होते.

दुसरी तक्रार, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर. फोन करण्यात काय बिघडते, खात्री तर होते, असे बैठकीत म्हटले गेल्याचे मला कळले. फोन ठेवल्यानंतर काय होते हे ठरवणे फोन करणाऱ्याच्या हातात राहत नाही. आपण सांगितलेले दुसराच कोणी ऐकतो, तो त्याचे चार शब्द करून गाडीतल्या तिसऱ्याला कळवतो, आणि त्या तिसऱ्याच्या कमरेला पिस्तूल असते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंडच्या एका बागेत तामिर राइस हा बारा वर्षांचा काळा मुलगा खेळण्यातले पिस्तूल घेऊन खेळत होता. फोन करणाऱ्याने सांगितले होते, की पिस्तूल बहुधा खोटे असावे आणि मुलगा बहुधा अल्पवयीन असावा. हे दोन्ही शब्द गाडीतल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत त्याच्यावर गोळी झाडली गेली, आणि तो दुसऱ्या दिवशी गेला.

कोलोरॅडोतील ऑरोरा शहरात २४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री एलायजा मॅक्लेन हा तेवीस वर्षांचा काळा तरुण दुकानातून आइस टी घेऊन पायी घरी निघाला होता. त्याने चेहऱ्यावर थंडीतली टोपी ओढली होती, चालता चालता तो हातवारे करत होता. कोणीतरी फोन केला, की माणूस विचित्र वाटतो आहे. शस्त्र दिसते का, कोणाला धोका आहे का, असे विचारल्यावर फोन करणाऱ्याने दोन्हींना नाही म्हणून सांगितले होते. एवढे स्पष्ट सांगूनही पोलिसांनी त्याला धरले, त्याची मान आवळली, वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याला केटामाइन या गुंगीच्या औषधाचे मोठे इंजेक्शन दिले, आणि काही दिवसांत तो रुग्णालयात मरण पावला. पुढे २०२३ मध्ये एक पोलीस अधिकारी आणि दोन वैद्यकीय कर्मचारी दोषी ठरले. तो व्हायोलिन वाजवत असे. आमच्या दारासमोर ट्रॉम्बोनची पेटी घेऊन बसलेल्या मुलाकडे पाहताना मला तोच आठवला, आणि माझे हातपाय गळाले.

ज्यांनी त्या शनिवारी फोन केला, त्यांचे नाव मला नको आहे. त्यांनी खोटे सांगितले नाही, मुलाचे वाईट व्हावे अशी त्यांची इच्छा नव्हती, हे मी धरून चालते. माझे त्यांना एवढेच सांगणे आहे, की आपण काळजीपोटी एक फोन केला असे आपल्याला वाटले असेल, पण आपण बंदूकधारी माणसांना एका मुलाकडे पाठवले होते.

तिसरी तक्रार आभाराबद्दल. चूक होऊ शकते. तिला शाबासकी देणे हा निर्णय असतो, आणि तो आपण बैठकीत, विचार करून घेतलात. १२ एप्रिल २०१८ रोजी फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या एका दुकानात दोन काळे तरुण कामानिमित्त भेटायला येणाऱ्या एका परिचिताची वाट पाहत बसले होते. काही विकत न घेता बसले म्हणून पोलीस बोलावले गेले आणि त्यांना बेड्या घालून नेले गेले. त्यानंतर त्या कंपनीने त्यांची माफी मागितली आणि मे महिन्यात एका दुपारी आपली आठ हजारांहून अधिक दुकाने कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बंद ठेवली. त्या प्रशिक्षणाने किती फरक पडला यावर वाद होऊ शकतो, पण फोन करणाऱ्याचे आभार कोणी मानले नाहीत. आपल्या संघटनेने ते मानले. २५ मे २०२० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पक्षी पाहणाऱ्या एका काळ्या गृहस्थांनी एका बाईंना कुत्र्याला साखळी लावायला सांगितले, तेव्हा एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतो आहे, असे पोलिसांना कळवणाऱ्या त्या बाईंचे चित्रण आपण सर्वांनी एकमेकांना पाठवले होते आणि संतापही व्यक्त केला होता. तो संताप याच गटावर व्यक्त झाला होता. त्या घटनेनंतर ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या न्यू जर्सीनेही कायदा करून, वंशावरून एखाद्याला धाकात धरण्यासाठी पोलिसांना खोटी खबर देणे हा गुन्हा ठरवला. आपल्या वसाहतीतला फोन त्या कायद्यात बसत नाही, हे मला मान्य आहे, कारण तिथे खोटेपणा नव्हता, केवळ संशय होता. नुसत्या संशयाला कोणता कायदा आवर घालणार? तो आपला आपल्यालाच घालावा लागेल.

आपण ज्या राज्यात राहतो त्याचाही थोडा इतिहास लक्षात ठेवावा. ज्या टर्नपाइकवरून आपल्यातले अर्धे लोक रोज कामाला जातात, त्याच टर्नपाइकवर एप्रिल १९९८ मध्ये राज्य पोलिसांनी बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेल्या चार काळ्या आणि लॅटिनो तरुणांची व्हॅन थांबवून अकरा गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यात तिघे जखमी झाले होते. वर्षभराने राज्याला कबूल करावे लागले, की आपले पोलीस वर्ण पाहून गाड्या थांबवतात, आणि डिसेंबर १९९९ पासून पुढे सुमारे दहा वर्षे त्या पोलीस दलावर देखरेख ठेवली गेली. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणारी एक टोळी भारतीयांना हुसकावून लावण्याची भाषा करत होती. नावातला ‘डॉट’ म्हणजे बायकांच्या कपाळावरचे कुंकू. त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या भारतीय तरुणाला जमावाने मारहाण केली आणि तो दगावला. त्या काळी इथे राहिलेल्या बायका सांगतात, की बाहेर पडताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायची सवय लागली होती. कपाळावरच्या ठिपक्यावरून ओळखले जाणे म्हणजे काय असते, हे आपल्याच मावश्या-काकूंना माहीत आहे. आणि ज्या १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासाठी या देशाचे दार उघडले, तो काळ्या लोकांनी मार खाऊन चालवलेल्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्यात झाला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. ती अर्पणपत्रिका आपण एप्रिलमध्ये क्लबहाउसच्या कार्यक्रमात वाचून दाखवली.

हे सगळे मला इतके का लागते, असे काही जणांनी विचारले. मी सोलापूरची आहे. आमच्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, आणि बाहेरच्यांना ते एखाद्या कॉलनीचे साधे नाव वाटते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, आणि त्यातल्या अनेकांना आमच्या शहरात तारेच्या कुंपणात ठेवले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. मी जन्मले तेव्हा कुंपण नव्हते, पण आमच्या वाड्यात कोणाची सायकल किंवा तांब्याचा बंब नाहीसा झाला की मोठी माणसे एकच वाक्य म्हणत, ‘सेटलमेंटकडे बघा.’ पोलीसही आधी तिकडेच बघत. माझ्या वर्गात तिथली एक मुलगी होती. तिच्या वडिलांना अशाच एका चोरीसाठी चार दिवस चौकीत बसवून ठेवले होते. बंब आमच्याच वाड्यातल्या एका नातेवाइकाने मोडीत घातला होता, हे नंतर निघाले. ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. आमच्या घरातल्या कोणीही त्यांच्या घरी जाऊन चूक झाली असे म्हटले नाही.

आणि १ जुलै २०१८ ची गोष्ट तर फार जुनी नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. त्यातले बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. राईनपाड्याची आणि आपल्या वसाहतीची मी बरोबरी करत नाही. इथे मुलगा सुखरूप घरी गेला. पण ‘एक अनोळखी दिसतो आहे, सावध राहा’ हा संदेश आणि त्याखाली भराभर पडणारे दुसरे संदेश, हे मी दोन्हीकडे पाहिले आहे, आणि साप म्हणून भुई धोपटणाऱ्या हातात काठी आली की काय होते, तेही पाहिले आहे.

चोऱ्या होतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. गेल्या वर्षी आपल्याच वसाहतीतून दोन गाड्या चोरीला गेल्या. सोन्यासाठी भारतीयांची घरे फोडण्याचे प्रकार या राज्यात झाले आहेत, आणि लग्नातले दागिने घरात असलेल्या बाईला रात्री झोप का लागत नाही, हे मला कोणी सांगायला नको. कोणी कुलूप तोडताना, काच फोडताना, गाडीचे दार उचकटताना दिसला तर मीही विनाविलंब ९११ लाच फोन करीन. पण तो फोन कृतीबद्दल असेल. माणूस बसला आहे, चालतो आहे, थांबला आहे, डबा खातो आहे, वाट पाहतो आहे, यांपैकी काहीही गुन्हा नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. परिपत्रक लेखी मागे घ्यावे आणि त्यातला आभाराचा मजकूर चुकीचा होता असे सर्व घरांना कळवावे. त्या मुलाला आणि त्याच्या आईला कार्यकारिणीच्या सहीने माफीचे पत्र द्यावे. ‘गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत’ असे गुळमुळीत नको, काय झाले ते नेमके लिहून. नंबरप्लेटचे फोटो काढण्याची सूचना रद्द करावी, आणि आतापर्यंत कार्यालयाकडे आलेले फोटो पुसून टाकावेत.

नवे परिपत्रक काढायचे असल्यास त्यात फोन करण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न असावेत. ती व्यक्ती नेमके काय करते आहे? हेच माझ्या भाच्याने केले असते तर मी फोन केला असता का? ती ज्या घरासमोर आहे त्या घरी मी विचारले का? हे अशक्य नाही. नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांच्या संकेतस्थळावर अशाच तक्रारी वाढल्यावर, ऑकलंडच्या रहिवाशांच्या दबावामुळे २०१६ मध्ये त्या कंपनीने संदेश टाकण्याचा अर्ज बदलला. माणसाचा वंश लिहायचा तर त्याने काय केले आणि काय घातले होते हेही लिहिल्याशिवाय संदेश पुढे जाईना. एवढ्या बदलाने वंशावरून संशय घेणारे संदेश सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, असे त्या कंपनीने सांगितले. निव्वळ दोन रकाने भरायला लागले, म्हणून लोक थांबून विचार करू लागले.

ज्या गोष्टी तातडीच्या नाहीत त्यांसाठी पोलिसांचा साधा क्रमांक, आणि कोणी मानसिक त्रासात दिसल्यास २०२२ पासून देशभर सुरू असलेला ९८८ हा क्रमांक, दोन्ही परिपत्रकात ठळकपणे द्यावेत.

आणि व्हॉट्सॲप गटाच्या प्रमुखांना, जे माझे स्नेही आहेत, माझी वेगळी विनंती आहे. दादा, गटाच्या नियमांत राजकारण नको आणि सुप्रभाताचे संदेश नकोत, असे आपण लिहिले आहे. त्यात, कोणत्याही माणसाचे वर्णन केवळ त्याच्या रंगावरून करायचे नाही, ही एक ओळ वाढवावी, आणि तो शब्द वापरणाऱ्याला गटातून काढावे.

पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा अशी लेखी मागणी मी आजच कार्यालयात दिली असून सोबत सात घरांच्या सह्या जोडल्या आहेत. त्यांतली चार घरे मराठी आहेत. त्या मुलाच्या आईने या पत्राची इंग्रजी प्रत वाचली आहे आणि मुलाचे नाव कोठेही येऊ नये या अटीवर ती प्रसिद्ध करायला संमती दिली आहे. त्या मंगळवारी तिची रात्रपाळी असल्याने ती येऊ शकणार नाही. तिने लिहून दिलेले निवेदन मी वाचून दाखवणार आहे, त्यासाठी मला पाच मिनिटे मिळावीत.

कळावे,

आपली,
वसाहतीतील एक रहिवासी
(मूळ सोलापूर)